देहात ठेवलेले शल्य आणि वैद्याची वही

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनी रुग्णपरीक्षा करावी, हे आपण सर्वजण पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. नाडी, मल, मूत्र, जिव्हा यांच्या नोंदींचा छापील कागद आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात असतो. त्या कागदावर एक प्रश्न मात्र सहसा आढळत नाही, आणि आमच्या मते तो आता आवर्जून असावयास हवा. तो प्रश्न असा : "आपल्या शरीरात बाहेरची कोणती वस्तू बसविलेली आहे काय?"

उल्हासनगर कॅम्प ४ सारख्या वस्तीत हा प्रश्न काल्पनिक नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींमध्ये बालपणी येऊन राहिलेली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे किंवा त्यापुढे गेली आहे. कारखान्यांत आणि लोकलच्या गर्दीत उभे राहून आयुष्य काढलेली त्यापुढची पिढीही आता साठी ओलांडून गेली आहे. लालचक्कीपासून सुभाष टेकडीपर्यंतच्या कोणत्याही चाळीत चौकशी करावी. एकाच्या डोळ्यात लेन्स आहे, दुसऱ्याच्या मांडीत रॉड आहे, तिसऱ्याच्या हृदयाच्या वाहिनीत स्टेंट आहे, कोणा आजींचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. शस्त्रक्रिया कल्याण, ठाणे किंवा मुंबईस होते. परंतु त्यानंतरची दुखणी घेऊन हे रुग्ण जवळच्या वैद्याकडे आणि कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडेच येतात. म्हणून शरीरात बसविण्याच्या वस्तू कशाच्या असाव्यात, त्या शरीरास मानवतात म्हणजे काय होते, आणि त्या अधिक निर्धोक व्हाव्यात यासाठी आपला वाटा कोणता, याचा विचार या त्रैमासिकाच्या पानांवर होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुश्रुतांनी विचारलेला प्रश्न

शल्य म्हणजे शरीरास व मनास पीडा देणारी कोणतीही वस्तू, अशी व्यापक व्याख्या सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात आत अडकून राहिलेल्या शल्याचा विचार करताना आचार्यांनी एक विलक्षण वर्गीकरण केले आहे. सोने, रुपे, तांबे, पितळ, कथील व शिसे यांची शल्ये दीर्घकाळ आत राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विरघळतात व धातूंशी एकरूप होतात. शिंग, दात, केस, अस्थी, वेळू, लाकूड, दगड आणि मातीची शल्ये मात्र शरीरात विशीर्ण होत नाहीत, असा त्याचा आशय आहे.

यातील प्रत्येक विधान आजच्या ज्ञानाने टिकेल असे नाही. सोने शरीरात जवळजवळ जसेच्या तसे राहते, हे आज आपण जाणतो. परंतु आमच्या दृष्टीने या श्लोकांचे मोल उत्तरात नसून प्रश्नात आहे. बाहेरची वस्तू शरीरात राहिली तर काळाच्या ओघात तिचे काय होते आणि तिच्यामुळे शरीराचे काय होते, हा प्रश्न त्यांनी पदार्थपरत्वे विचारला. आज ज्यास जैवसुसंगत पदार्थांचे शास्त्र म्हणतात, त्याचा आरंभबिंदू नेमका हाच आहे.

योगायोग असा की, आधुनिक काळातील एक अत्यंत यशस्वी रोपणही शल्याच्या निरीक्षणातूनच जन्मास आले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेसारख्या आवरणाचे ॲक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. काचेच्या तुकड्याने डोळा लाल व्हावा, सुजावा, परंतु या तुकड्यांनी तसे फारसे घडत नाही, हे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानी आले. त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग बनविले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ते प्रथम एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या गल्लीतील वृद्ध वर्तमानपत्र वाचतात, त्यामागे हे निरीक्षण आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे भारतात तयार करून त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली.

मानवणे म्हणजे काय?

"अमुक धातू चांगला, तमुक वाईट" अशी सरसकट भाषा रुग्ण बोलतात. कित्येकदा आपणही बोलतो. शास्त्र तसे सांगत नाही. जैवसुसंगत पदार्थ म्हणजे शरीर ज्याची दखलच घेत नाही असा पदार्थ नव्हे. विशिष्ट जागी, विशिष्ट कामासाठी ठेवला असता शरीराकडून योग्य तोच प्रतिसाद मिळवील असा पदार्थ, ही आज मान्य असलेली कल्पना आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सात्म्य हे केवळ द्रव्याचे नसते. देश, काल, मात्रा व प्रयोजन यांसह ते ठरते.

याचे उत्तम उदाहरण खुब्याच्या सांध्याचे आहे. इंग्लंडचे सर जॉन चार्नले यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरून खुबे बदलण्यास आरंभ केला. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत आणि रासायनिक दृष्ट्या उदासीन, म्हणून निवड योग्य वाटली. परंतु चालताना घर्षणाने वाटी झिजली, तिचे बारीक कण भोवतालच्या ऊतींत साचले आणि त्यांनी तीव्र दाह उत्पन्न केला. चार्नले यांनी आपल्या स्वतःच्या मांडीत त्या पदार्थाचे नमुने बसवून पाहिले, आपले अपयश लपविले नाही, आणि नोव्हेंबर १९६२ पासून दाट पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास सुरुवात केली. आजच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा पाया तोच आहे. अखंड तुकडा म्हणून निरुपद्रवी असलेले द्रव्य कणरूप झाले की उपद्रवी ठरू शकते, हा त्यातील धडा आहे. ज्यांनी भस्मांच्या सूक्ष्मतेचा अभ्यास केला आहे, त्यांस द्रव्याच्या आकाराने त्याचे कर्म बदलते हे निराळे सांगण्याची गरज नाही.

पॉलिएथिलीनही पूर्ण निर्दोष नव्हते. त्याचे सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळतात, त्या पेशींतून सुटणाऱ्या द्रव्यांनी आजूबाजूची अस्थी विरू लागते आणि दहा-पंधरा वर्षांनी सांधा सैल होतो. यावर उपाय म्हणून त्या पदार्थाची रेणूंची वीण अधिक घट्ट करण्यात आली, पुढे त्यात ई जीवनसत्त्व मिसळून त्याचे ऑक्सिडीकरण रोखण्याचे प्रयत्न झाले. चिनी मातीच्या जातीचे कठीण सिरॅमिक गोळे आले. टायटॅनियमला अस्थी घट्ट चिकटते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिल्यावर १९६५ पासून दंतरोपणाचे युग सुरू झाले. प्रत्येक पाऊल आधीच्या दोषाची प्रामाणिक नोंद ठेवल्यामुळे पडले आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

नोंद नसली की काय होते?

नोंदीचे महत्त्व कळण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुबा हे आपल्या देशातील सर्वांत कटू उदाहरण आहे. त्यात गोळा आणि वाटी ही दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची होती. पॉलिएथिलीनची झीज टळेल, तरुण रुग्णास सांधा अधिक वर्षे पुरेल, ही त्यामागील अपेक्षा. प्रत्यक्षात धातूवर धातू घासून अतिसूक्ष्म कण व आयन सुटू लागले. खुब्याभोवतीच्या ऊती काळवंडून नष्ट होऊ लागल्या, गाठी निर्माण झाल्या आणि काही रुग्णांच्या रक्तातील कोबाल्ट व क्रोमियम वाढले.

हा दोष उघड कसा झाला, हे महत्त्वाचे आहे. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. कोणता सांधा कोणास बसविला आणि तो पुन्हा बदलावा लागला काय, याची नोंद त्यात होते. त्या नोंदवहीने २००७ पासूनच या खुब्याविषयी इशारा दिला आणि डिसेंबर २००९ मध्ये तेथून तो मागे घेण्यात आला. इंग्लंड व वेल्सच्या नोंदवहीतही पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो परत घेतला. तोवर जगात सुमारे ९३,००० नग विकले गेले होते.

भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला. पुढे केंद्र शासनाने २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१८ मध्ये तिचा अहवाल लोकांसमोर आला. त्यानंतर ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्रही ठरले. परंतु या सर्वांत मन विषण्ण करणारी गोष्ट निराळीच आहे. साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा थांगपत्ताच लागला नाही. आपल्याकडे सर्वांस बंधनकारक अशी नोंदवही नव्हती. पत्ते बदलले होते, केसपेपर हरवले होते, कोणता सांधा बसविला हे रुग्णास कधी सांगितलेच गेले नव्हते. ज्यांच्या देहात दोषी वस्तू आहे त्यांस ती दोषी असल्याचे ठाऊक नाही, आणि भरपाई जाहीर झाली तरी ती मागण्यास हाती कागद नाही.

हे रुग्ण गेले कोठे? ते कोणत्या तरी गल्लीतच आहेत. खुबा दुखतो, चालताना करकरतो, म्हणून ते कोणाकडे तरी जात असतील. रक्तात कोबाल्ट फार वाढल्यास कर्णनाद, बाधिर्य, दृष्टिमांद्य, हातापायांची बधिरता, हृदयाच्या स्नायूंची दुर्बलता व गलग्रंथीची मंदता ही लक्षणे उत्पन्न होऊ शकतात. ही यादी वाचून आपल्यापैकी कोणाच्याही मनात प्रथम कोणता विचार येईल? वृद्धावस्था, वातप्रकोप, धातुक्षय. औषधयोजनाही त्यानुसारच होईल. खुबा बदलला आहे, हे विचारले नाही तर रुग्णही सांगणार नाही. कारण त्याच्या लेखी कानाचा आणि खुब्याचा काही संबंध नाही. शरीरात दीर्घकाळ दडून राहून निमित्त मिळताच निरनिराळी लक्षणे दाखविणाऱ्या विषाची कल्पना आपल्या कल्पस्थानात दूषीविष या नावाने आहे. कोबाल्ट हेच दूषीविष, असे समीकरण आम्ही मांडत नाही. परंतु दूषीविषाचा विचार शिकलेल्या वैद्यास हा संशय इतरांच्या आधी यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

देशात काय घडले आहे

निर्धोक रोपणांचा विकास हे केवळ परदेशांचे काम नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णास बसविण्यात आली. त्याआधीचे तीन आराखडे बाद करावे लागले होते. कृत्रिम नीलमण्याची चकतीही वापरून पाहिली गेली. अखेर कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि दाट पॉलिएथिलीनची चकती ही जोडी टिकली. ज्या जातीच्या मिश्रधातूने खुब्यात अनर्थ केला, त्याच जातीचा मिश्रधातू हृदयात वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतो. कारण तेथे धातूवर धातू घासत नाही. जागा आणि प्रयोजन यांवर सात्म्य ठरते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

हेच डॉ. वलियाथन पुढे चरक, सुश्रुत व वाग्भट या तिन्ही आचार्यांच्या अध्ययनाकडे वळले आणि त्यांवर त्यांनी इंग्रजीत तीन मौलिक ग्रंथ लिहिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. झडप बनविणाऱ्याने संहिता वाचल्या. संहिता वाचणाऱ्या आपण झडपेविषयी काय वाचले, हा प्रश्न आम्ही नम्रपणे आपल्यापुढे ठेवतो.

महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी मांडी घालून व उकिडवे बसणाऱ्या आपल्या लोकांचा विचार करून 'इंडस' नावाचा देशी गुडघा विकसित केला. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने, राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने, 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले. तेथे अभियंते आणि शल्यचिकित्सक एकत्र बसतात. दरांच्या बाबतीत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी १,५८,३२४ रुपयांवर गेलेली किंमत तेव्हा ५४,७२० रुपयांवर आली. स्वस्ताई आवश्यकच होती. परंतु स्वस्त झालेली वस्तू अधिक लोकांच्या शरीरात जाते, म्हणून तिच्यावरील देखरेखही तितकीच वाढावयास हवी.

त्या देखरेखीची चौकट आता अस्तित्वात आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. शरीरात राहणारी बहुतांश उपकरणे त्यातील अधिक जोखमीच्या वर्गांत येतात. त्याआधीच, ६ जुलै २०१५ रोजी, उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा 'मटेरिओव्हिजिलन्स' हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. या कार्यक्रमात केवळ शल्यचिकित्सकानेच नव्हे, तर कोणत्याही आरोग्यसेवकाने, औषधविक्रेत्याने किंवा स्वतः रुग्णानेही माहिती कळवावी, अशी योजना आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क दूरध्वनी आहे. दार उघडे आहे. आपण त्यातून आत जात नाही, इतकेच.

चिकित्सालयात करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे नोंद. रुग्णाच्या कागदावर रोपणाचा प्रकार, जागा, शस्त्रक्रियेचे वर्ष, रुग्णालय, कंपनीचे नाव आणि लॉट क्रमांक लिहावेत. रोपणाच्या खोक्यावर चिकटपट्ट्या असतात व त्यांतील एक केसपेपरवर लावली जाते. तिची प्रत मागून घेण्याचा रुग्णास सल्ला द्यावा. वेष्टनावरच्या नावाचे मोल काय असते, हे उल्हासनगरकरांस परक्याने शिकवावे लागत नाही. 'मेड इन यूएसए' या अक्षरांचा विनोद आपल्या गावाने साऱ्या देशास पुरविला आहे. परंतु देहात बसलेल्या वस्तूचे नाव व क्रमांक हा विनोदाचा विषय नाही. उद्या ती वस्तू परत मागविली गेली, तर त्या चार अक्षरांवरच रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहील.

दुसरी गोष्ट म्हणजे संशय. काही वर्षे सुखरूप असलेला बदललेला सांधा नव्याने दुखू लागला, गरम लागला, सुजला, व्रणातून स्राव आला, ज्वर आला, चालताना आवाज येऊ लागला किंवा पाय आखूड भासू लागला, तर ते संधिगतवाताचे निदान करून थांबण्याचे प्रकरण नव्हे. अशा रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. धातूवर धातू अशा जातीचा खुबा असेल, तर रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमची तपासणी सुचवावी. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० मध्ये प्रतिलिटर ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची मर्यादा सांगितली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे संयम. रोपण असलेल्या सांध्यावर जलौकावचारण करू नये. जळवेच्या आतड्यातील जंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचले तर त्यांस तेथून घालविणे अतिशय दुर्घट असते. त्याच कारणास्तव त्या जागी अग्निकर्म व विद्धकर्म टाळावे. धातू असलेल्या जागी शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देऊ नये. व्रण पूर्ण भरून येण्याआधी जानुबस्ती किंवा अभ्यंगाची घाई नको, आणि नंतरही शल्यचिकित्सकास विचारूनच ते करावे. खुबा बदललेल्या रुग्णास पंचकर्माच्या वेळी उकिडवे किंवा मांडी घालून बसवू नये. सांधा निखळू शकतो.

औषधविक्रेत्या बांधवांची भूमिका

औषधांच्या दुकानात रुग्णाची विचारपूस वैद्याहूनही अधिक वेळा होते. यांत्रिक झडप बसविलेला रुग्ण आयुष्यभर वॉर्फेरिन किंवा ॲसिनोकूमारॉल घेतो आणि त्याची मात्रा रक्ताच्या पीटी-आयएनआर तपासणीवर ठरते. स्टेंट बसविलेला रुग्ण रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेतो. अशा रुग्णाने सांधेदुखीसाठी हळदीच्या अर्काच्या, लसणीच्या किंवा गुग्गुळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मागितल्या, तर त्या हातात ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. अशा द्रव्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. स्वयंपाकातील हळद-लसूण आणि अर्कस्वरूपातील मात्रा यांत महदंतर आहे. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्य दुकानात उच्चारले जाऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्या एका वाक्याने एखाद्याची झडप बंद पडू शकते किंवा एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आपल्या घरातील प्रश्न

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. खुब्यातील कोबाल्टविषयी प्रश्न विचारताना आपल्या चूर्णातील शिशाविषयी कोणी प्रश्न विचारला, तर आपण चिडून चालणार नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यात षड्यंत्र पाहिले. आमच्या मते शोधन, मारण व भस्मपरीक्षा या आपल्या शास्त्रातील कसोट्या प्रामाणिकपणे लावल्या जातात काय, आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक घाणीची प्रयोगशाळेतील तपासणी होते काय, हाच खरा प्रश्न होता व आहे. देहात दीर्घकाळ राहणाऱ्या द्रव्याबाबत एकच नियम असावा : त्याचे काय होते हे पाहावे, लिहावे आणि विचारणाऱ्यास दाखवावे. तो नियम धातूच्या खुब्यास जसा लागू आहे तसाच भस्मासही लागू आहे. शिवाय खुब्यातून कोबाल्ट झिरपत असलेल्या रुग्णास आपण धातुयुक्त कल्प देत असू, तर वृक्कांवर पडणारा भार कोणत्या द्रव्याचा, हे सांगणे आणखी कठीण होईल.

याच नियमाने आपण नव्या उत्साहाकडेही पाहावे. हळदीतील कुर्क्युमिनचा लेप दिलेली रोपणे, वनस्पतिज द्रव्यांनी भारलेल्या अस्थिपूरक जाळ्या यांवर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे आणि ते स्वागतार्ह आहे. परंतु पेशींवरील विषाक्तता, प्रक्षोभ, असात्म्यता, रक्ताशी सुसंगती व दीर्घकालीन परिणाम या आंतरराष्ट्रीय कसोट्या पार केल्याखेरीज ते रुग्णाच्या देहात जाता कामा नये. वनस्पती आपली आहे म्हणून कसोटी सैल करण्याचे कारण नाही.

दोन आक्षेप

आम्हांस दोन आक्षेपांची कल्पना आहे. पहिला असा की, हे आपले क्षेत्र नाही. शल्यचिकित्सकाने बसविले, त्यानेच निस्तरावे. यास उत्तर असे की, रुग्ण क्षेत्रांच्या सीमा पाळून आजारी पडत नाही. दुसरा आक्षेप असा की, आपण कळविले तरी मोठ्या रुग्णालयात आपले कोण ऐकणार? हा अनुभव कडू असला तरी खरा आहे. परंतु तोंडी सांगणे विरून जाते, लिहिलेले राहते. वर्ष, कंपनी, क्रमांक व लक्षणे यांसह लिहिलेले पत्र कोणासही सहजासहजी बाजूस सारता येत नाही.

लिहिण्याच्या सामर्थ्याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानाचे नाक पुण्यात एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळावरील त्वचा वळवून पुन्हा बनविले. रुग्णाचीच जिवंत त्वचा, याहून अधिक सात्म्य पदार्थ कोणता असणार? ही शस्त्रक्रिया जगास कळली ती लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकामुळे आणि ती पाहून त्यास साक्ष देणाऱ्या दोन इंग्रज वैद्यांमुळे. कौशल्य आपले होते, नोंद त्यांची होती. त्या कारागिराचे नावही आज आपल्यास ठाऊक नाही. प्लास्टिक सर्जरी आमची, असे सांगताना आपण हा भाग सोयीने विसरतो.

म्हणून संघटनेपुढे आमची एक साधी सूचना आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील सभासदांसाठी एका पानाचा छापील नमुना तयार करावा. रोपण, जागा, वर्ष, रुग्णालय, कंपनी, क्रमांक, चालू औषधे व नवी तक्रार एवढे आठ रकाने पुरेत. रुग्णाच्या संमतीने तो भरावा, एक प्रत त्यास द्यावी, आणि संशयास्पद प्रसंग राष्ट्रीय कार्यक्रमास कळवावा. वर्षाअखेरीस रुग्णांची नावे वगळून त्याचा गोषवारा याच त्रैमासिकात छापावा. यासाठी यंत्रे लागत नाहीत, अनुदान लागत नाही. एका शाखेच्या पुढच्या सभेत एक ठराव आणि प्रत्येक टेबलावर एक वही, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. हरवलेल्या त्या साडेतीन हजारांपैकी एखादा जरी आपल्या वहीत सापडला, तरी त्याच्या हाती त्याचा हक्काचा कागद येईल. वैद्यबंधु-भगिनींनी आणि औषधविक्रेत्यांनी या सूचनेवर आपली मते अवश्य कळवावीत.